भुणभुण्या कशात बसतो?

कोणत्या देशात माणसं काय नवं करतील हे त्या देशाचा कोरा अर्ज पाहून सांगता येतं, असं छातीठोकपणे मानणारा माणूस या पृथ्वीवर एकच आहे, आणि दुर्दैवाने म्हणा, सुदैवाने म्हणा, तो माझा साडू आहे. दुर्दैवाने अशासाठी की मी सरकारी नोकर. बुलढाण्याच्या एका कार्यालयात खिडकीच्या आतल्या बाजूला बसून मी सव्वीस वर्षं नव्या धंद्यांचे अर्ज घेतो आहे, आणि माझे साडू देऊळगाव राजाजवळच्या आपल्या मळ्यात बसून तितकीच वर्षं ती खिडकी कशी चुकलेली आहे हे मला समजावून सांगताहेत. सुदैवाने अशासाठी की माझ्या कामाकडे इतकं बारीक लक्ष आजवर कोणीच दिलेलं नाही. माझ्या बायकोनेही नाही, आणि ती तर त्यांची सख्खी मेहुणी. त्यांचं म्हणणं मला समजलं आहे का, असं कोणी विचारलं तर मी मोकळेपणाने नाही म्हणेन. समजतंय असं वाटू लागतं, आणि नेमकं त्याच वेळी ते स्वतःच आपलं मत बदलतात.

त्यांचा छंद म्हणजे कोरे अर्ज जमवणं. परदेशी जाणाऱ्याला लोक अत्तर सांगतात, बॅटरी सांगतात, सुका मेवा सांगतात. साडू सांगतात, तिथं नवीन धंदा काढायचा असेल तर जो अर्ज भरावा लागतो, तो एक कोरा आणा. वडनेर भोलजीच्या एका मास्तरांचा मुलगा जपानला निघाला आहे एवढं त्यांच्या कानावर आलं, तर ओळख ना पाळख, हे तीन बस बदलून त्यांच्या दारात हजर झाले. घरच्यांनी यांचे पांढरे कपडे, हातातली पिशवी आणि मुलाविषयीची आस्था पाहिली आणि हे मुलीसाठी स्थळ पाहायला आलेत असा सरळ हिशेब केला. पोहे आले, चहा आला. मास्तरीणबाईंनी विचारलं, "मुलगी काय शिकली?" साडूंना वाटलं, सहज चौकशी. म्हणाले, "शेतीचं शिकून राह्यली. हुशार आहे." मग मुलाला कोपऱ्यात घेऊन त्यांनी अर्जाचं सांगितलं आणि निघाले. दोन महिन्यांनी जपानहून जाड पाकीट आलं. त्यात कोरा अर्ज होता, मुलाचे दोन फोटो होते आणि बायोडाटाही होता. साडूंनी अर्जाशेजारी तो बायोडाटाही नीट लावून ठेवला आणि मला म्हणाले, "पाहा साडूभाऊ, आपल्या लोकायले हा एकच अर्ज बिनचूक भरता येते." मास्तरांची समजूत घालायला शेवटी ताईंना जावं लागलं. ताई म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्या बायकोची मोठी बहीण.

आता जपानी त्यांना येत नाही. अरबी येत नाही, डच येत नाही, इंग्रजीही कामापुरतीच. पण मजकूर वाचायची त्यांना गरजच वाटत नाही. ते पट्टी घेऊन रकाने मोजतात. त्यांचा सिद्धांत असा की ज्या अर्जात 'तुम्ही काय करणार' या प्रश्नाला मोठी जागा असते तिथं लोक नवं करतात, आणि जिथं 'तुम्ही कोण' याला मोठी जागा असते तिथं लोक तेच ते करतात. आमच्या कार्यालयाचा जुना अर्ज त्यांनी एकदा जेवणाच्या ताटाशेजारी पसरला आणि मला दाखवला. "हे पाहा. बापाच्या नावाले दोन ओळी. अन् धंद्याले काडीएवढी जागा. मंग माणूस बापाचाच धंदा करीन ना." मला हे एकदम पटलं. दुसऱ्या दिवशी खिडकीत बसल्यावर मी प्रत्येक अर्जदाराकडे नव्या नजरेने पाहू लागलो, पण दुपारपर्यंत अकरा जण मोबाइल दुरुस्तीचेच अर्ज घेऊन आले आणि त्यांतल्या एकाचाही बाप मोबाइल दुरुस्त करणारा नव्हता. हे मी साडूंना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "हाव, तेही खरं आहे." मग मी पुन्हा गोंधळात.

हे वेड त्यांना मस्कतमध्ये लागलं. तरुणपणी पाच वर्षं ते तिकडे एसी दुरुस्तीला होते. वाळूने एसीच्या जाळ्या बुजतात म्हणून यांनी आतून आपोआप झटकली जाणारी जाळी तयार केली. ती घेऊन एका कचेरीत गेले तर पलीकडच्या माणसाने पहिला प्रश्न केला, तुझा कफील कोण? म्हणजे इथं ज्याच्या नावावर तू राहतोस तो मालक कोण. जाळीकडे त्याने पाहिलंही नाही. साडूंनी मालकाचं नाव सांगितलं, मालकाने जाळी ठेवून घेतली, यांना एक घड्याळ दिलं आणि विषय संपला. घड्याळ अजून चालू आहे. त्या दिवसापासून साडू एका वहीत जगभरच्या खिडक्यांचा पहिला प्रश्न लिहून ठेवतात. मस्कतचा पहिला प्रश्न, कोणाचा? जपानचा, मास्तरांच्या मुलाने कळवल्याप्रमाणे, किती वर्षांसाठी? आफ्रिकेत दुकान टाकलेल्या जालन्याच्या एका व्यापाऱ्याने सांगितलेला, कोणी पाठवलं? आपल्याकडचा प्रश्न लिहायची जागा त्यांनी बरेच दिवस कोरी ठेवली होती, कारण स्वतः अनुभव घेतल्याशिवाय ते काही लिहीत नाहीत. त्या जागेत पुढे माझंच वाक्य जाणार आहे, हे मला ठाऊक असतं तर त्या दिवशी मी रजा टाकली असती.

भुणभुण्याचं सांगतो. आमच्या त्या भागात शेडनेट फार आहेत. हिरव्या जाळीच्या त्या मांडवांमध्ये टोमॅटो, मिरची, वांगं यांचं बियाणं तयार होतं. नराच्या फुलातला पराग काढून मादीच्या फुलाला बायका हाताने लावतात. पहाटे उठून नराची फुलं तोडायची, ती सुकवायची, चाळायची, मग त्या हळदीएवढ्या बारीक पुडीने एकेका फुलाला बोट लावत दिवसभर वाकून चालायचं. ताई हे काम पंधरा वर्षं करताहेत. त्यांचा उजव्या हाताचा अंगठा दुखायचा, इतका की भाकरी थापताना त्या चार बोटांनीच थापत. त्या तक्रार करत नसत. साडूंना मात्र ते पाहवत नसे, आणि पाहवलं नाही की ते काहीतरी खोलून बसतात. या वेळी त्यांनी जुन्या मोबाइलमधला थरथरणारा तुकडा काढला, तो विजेरीच्या नळीत बसवला, पुढे चहाच्या गाळणीची बारीक जाळी आणि इंजेक्शनची रिकामी बाटली लावली. देठाला टेकवलं की भुंग्यासारखा भुण्ण आवाज, फूल तसंच झाडावर, आणि पराग बाटलीत. ना तोडणं, ना सुकवणं, ना चाळणं. ताईंनी पहिल्या दिवशी ते वापरलं आणि संध्याकाळी पाची बोटांनी भाकरी केली. नावही त्यांनीच ठेवलं, भुणभुण्या. मी तो पाहिला तेव्हा मला तो दाढी करायच्या यंत्रासारखा वाटला, पण मला यंत्रातलं काही कळत नाही.

आजूबाजूच्या मांडवांतल्या बायका मागू लागल्या. साडूंनी हाताने आठ केले. मग त्यांच्या मनात आलं की याचा रीतसर धंदा काढावा, सरकारी योजनेत नाव घालावं, आपल्याच गावात पन्नास, शंभर भुणभुणे तयार व्हावेत आणि कागदावर लिहिलेलं असावं की ही नवी वस्तू आहे आणि ती इथं झाली. त्यांना आयुष्यात एवढंच हवं होतं. मस्कतची जाळी गेली ती गेली, पण हे आपल्या नावाने उभं राहावं. त्यासाठी ते बुलढाण्याला माझ्या खिडकीशी आले. मी म्हटलं, आत या, खुर्चीवर बसा. ते नाही म्हणाले आणि रीतसर रांगेत उभे राहिले. पाऊण तासाने नंबर लागला. त्यांनी रुमालातून भुणभुण्या काढला आणि काउंटरवर ठेवला. मी नातं विसरून, वर्षानुवर्षांच्या सवयीने विचारलं, "हे कशात बसतं?"

साडूंनी खिशातून वही काढली, माझ्यादेखत ते वाक्य लिहिलं, खाली तारीख घातली आणि समाधानाने मान हलवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माझाही इलाज नव्हता. आता अर्ज संगणकावर भरावा लागतो, आणि त्यात धंद्यांची यादी आहे. यादीतलं एक निवडल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. आम्ही दोघांनी मिळून यादी चाळली. शेती अवजारात टाकावं तर त्याला पत्र्याची शेड हवी. विजेच्या उपकरणात टाकावं तर त्याची तपासणी निघते, आणि तपासणी करणाऱ्यांना आधी कळायला हवं की हे काय आहे. साडू मधमाशीपालनापाशी अडखळले, म्हणाले, "आवाज तं जुळते." शेवटी राहिलं 'इतर'. 'इतर' निवडलं की प्रकरण वरच्या कार्यालयात जातं, आणि वर गेलेलं प्रकरण खाली आल्याचं मी माझ्या नोकरीत पाहिलेलं नाही. मागे रांग चुळबुळत होती. तेव्हा मी, केवळ मायेपोटी, त्यांना एक सल्ला दिला. म्हटलं, "शेवया टाका. शेवया लगेच मंजूर होतात. एकदा आत शिरा, मग आत तुम्ही काय करता ते कोण बघायला येतंय?"

कार्यालयासमोरच्या टायपिंगच्या दुकानात शेवयांचा प्रकल्प अहवाल तयार मिळतो. नाव बदलायचं, गाव बदलायचं. त्या दिवशी दुकानदाराने नाव बदललं, गाव बदललं, पण बाकीचं तसंच राहिलं. त्यामुळे माझे साडू, सहा फूट उंचीचे, मिशीवाले, कागदोपत्री एका महिला बचत गटाच्या अध्यक्षा झाले आणि त्यांना शेवयांचं ज्ञान आईकडून, माहेरी, लहानपणापासून मिळालं असं ठरलं. तो अहवाल एका फटक्यात मंजूर झाला. आयुष्यात त्यांचं पहिल्यांदा काहीतरी मंजूर झालं होतं, म्हणून ताईंनी गूळ वाटला. साडू गूळ खात मला म्हणाले, "साडूभाऊ, मी आता कोण आहे?" मी म्हटलं, काळजी करू नका, नुसता कागद आहे.

पण तपासणी आली. यंत्र दिसलं पाहिजे म्हणून साडूंनी शेवयांचं यंत्र आणलं, ताईंनी पीठ मळलं, मांडवाच्या बाहेर दोऱ्यांवर शेवया वाळत घातल्या. तपासणीचे साहेब आले, खीर खाल्ली, आणखी थोडी घेतली. मग टेबलावरचा भुणभुण्या त्यांना दिसला. त्यांनी विचारलं, हे काय? साडू तोंड उघडणार, आणि मला खात्री आहे की ते खरं तेच सांगणार होते, तेवढ्यात ताई म्हणाल्या, "शेवयांवरचं पीठ झटकायले." साहेबांनी तो चालू करून पाहिला, शेवयांना लावला, पीठ झटकलं गेलं. त्यांनी शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'नावीन्यपूर्ण उपक्रम'. भुणभुण्याला सरकारदरबारी मिळालेली ती एवढीच दाद, आणि तीही पीठ झटकल्याबद्दल. साहेब गेल्यावर साडू बराच वेळ तो कागद हातात धरून बसले होते. त्यांना हसावं की रडावं ते कळत नव्हतं. मलाही नव्हतं. ताईंनी मात्र उरलेली खीर भांड्यातून काढून आम्हा दोघांना वाढली.

गंमत म्हणजे शेवया चालल्या. ताईंच्या हाताला चव, यंत्राला साडूंनी केलेली दुरुस्ती, त्यामुळे शेवया न तुटता हातभर लांब निघायच्या. उन्हाळ्यात दुसरबीडहून, थेट जालन्याकडून माणसं यायला लागली. लोक त्यांना शेवयावाले म्हणू लागले. तालुक्याच्या एका कार्यक्रमात 'नवउद्योजक' म्हणून त्यांचा सत्कार झाला, खांद्यावर शाल पडली. सत्कार करणाऱ्याने भाषणात सांगितलं की या माणसाने मळलेली वाट सोडली. साडू खाली आले आणि माझ्या कानात म्हणाले, "तुम्ही सांगा मले, शेवयात मळलेली वाट सोडणं म्हणजे काय असते?" शेवयांच्या गर्दीत भुणभुणे करायला वेळच राहिला नाही. आठ होते ते आठच राहिले.

आता त्यांच्या मुलीकडे येतो. प्रज्ञा, एकुलती एक. ती शासनाच्या शिष्यवृत्तीवर नेदरलँड्सला गेली, शेतीशास्त्रातलं पुढचं शिकायला. ती गेल्यापासून साडूंच्या सिद्धांताला इतके धक्के बसले की तो कोणत्या दिशेला तोंड करून उभा आहे हे त्यांनाही सांगता येईना. त्यांची समजूत होती की तिथं नियम कमी, म्हणून नवं जास्त. मुलगी म्हणाली, बाबा, इथं अंगणातलं झाड तोडायलाही परवानगी लागू शकते. मग नवं कसं होतं? मुलगी म्हणाली, इथं धंदा बुडाला तरी माणूस उपाशी मरत नाही, म्हणून लोक करून पाहतात. आपल्याकडे नोकरी नाही म्हणून धंदा काढावा लागतो, मग जो हमखास चालतो तोच काढतात. साडूंनी हे वहीत लिहिलं आणि दोन दिवस शेवयांकडे नुसतं पाहत बसले. तिसऱ्या दिवशी मला फोन केला, "म्हणजे त्या अकरा मोबाइलवाल्यायचं काही चुकलं नाही हो. भुकेले माणूस कायले प्रयोग करीन?" मी म्हटलं, बरोबर. पुढे म्हणाले, "मंग दोष कोणाचा?" मी म्हटलं, साडूभाऊ, माझी जेवणाची सुट्टी संपली.

एकदा तर ताईंनीच त्यांना पेचात टाकलं. साडू ओट्यावर बसून रकान्यांच्या नावाने बोटं मोडत होते. रकान्यांनी माणसाला कोंडलं, रकान्यांनी डोकी मारली, असं बरंच. ताई मिरच्या निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्या शिष्यवृत्तीच्या अर्जात आपल्यासाठी एक रकाना होता, तवा पोरगी विमानात बसली. तो रकाना आखायले आपल्या लोकायनं किती मार खाल्ला ते विसरले का?" भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याखाली मुलीचा पदवीचा फोटो. साडूंनी दोन्हीकडे पाहिलं. मग मला विचारलं, "मंग रकाना चांगला का वाईट?" त्यांचा चेहरा इतका प्रामाणिकपणे गोंधळलेला होता की मला त्यांची फार माया आली. मी रोज शंभर रकाने तपासतो, पण त्या वेळी मी ताईंसमोरच्या मिरच्या निवडायला घेतल्या.

त्याच मुलीने मग एक गोष्ट जुळवून आणली. तिकडच्या काचेच्या मळ्यांत परागासाठी पेटीतले भुंगे सोडतात, पण बियाण्याच्या प्लॉटमध्ये भुंगे चालत नाहीत, ते सगळं मिसळून टाकतात. तिथंही माणसंच हाताने करतात. तिने भुणभुण्याचा व्हिडिओ दाखवला तर लोक खुर्च्या सोडून उठले. एक संस्था नव्या कल्पनांना उभं करते, तिच्याकडे एक पान भरून पाठवायचं होतं. प्रज्ञा म्हणाली, बाबा, तुम्हीच लिहा, मराठीत लिहा, मी इंग्रजीत करते. मुदत शुक्रवार संध्याकाळ. प्रज्ञाचं शिक्षण संपत आलं होतं. मुदत हुकली तर तिला मिळेल ती नोकरी धरावी लागणार होती, आणि भुणभुण्या कायमचा शेवयांवरचं पीठ झटकत राहणार होता. सोमवारी पान आलं. गुरुवारी मला ताईंचा फोन आला. "पाव्हणे, तुम्ही या बरं. हे चार दिवसांपासून कागद घेऊन बसले, जेवून नाही राह्यले."

मी शुक्रवारी सकाळच्या बसने गेलो. साडू मांडवाजवळच्या खोलीत टेबलाशी बसले होते. समोर एक कागद. वर एकच ओळ होती, 'ही वस्तू काय आहे ते तुमच्या शब्दांत सांगा.' खाली सगळा पांढरा. जन्मभर ज्या अर्जाच्या शोधात हा माणूस तीन तीन बस बदलून फिरला तो अर्ज समोर होता, आणि त्याच्यावर एक अक्षर नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "साडूभाऊ, इथं रकानाच नाही हो. कुठून सुरू करू?" मी म्हटलं, कुठूनही करा. म्हणाले, "नाही होऊन राह्यलं. तुम्ही आखून द्या ना."

मी पट्टी घेतली आणि आखले. दुसरं मला काय येतं? नाव, वडिलांचं नाव, पत्ता, व्यवसायाचा प्रकार, यंत्रसामग्री. साडूंचा चेहरा उजळला. पेन सरसर चालू लागलं, अक्षर तर त्यांचं मोत्यासारखं. मी हुश्श केलं आणि पाणी प्यायलो. पाहतो तर 'व्यवसायाचा प्रकार' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'शेवया तयार करणे'. त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. ते पुढचा रकाना भरत होते. मला सांगायचा धीर होईना, कारण तो शब्द त्यांच्या हातात कोणी घातला हे मला माहीत होतं. तेवढ्यात ताई चहा घेऊन आल्या, कागदावर वाकल्या आणि त्यांनी तो शब्द मोठ्याने वाचला. साडूंचं पेन थांबलं. त्यांनी स्वतःचं अक्षर पुन्हा पुन्हा पाहिलं. "हात वळणी लागला," एवढंच म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना इतक्या वर्षांत असं पाहिलं नव्हतं.

ताईंनी चहा खाली ठेवला. माझे आखलेले रकाने होते तो कागद उलटा केला, मागची पांढरी बाजू वर केली आणि म्हणाल्या, "मी सांगते. तुम्ही लिहा." आणि त्या सांगू लागल्या. "माह्या अंगठा दुखे. फूल तोडावं वाटे ना, पण तोडा लागे. आता तोडा लागत नाही. देठाले टेकवलं का पराग बाटलीत पडते. आधी उन्हं तापेपर्यंत एक वाफा होये, आता दोन होतात. सांजच्याले पाची बोटं जाग्यावर राहतात. हे ह्यायनं माह्यासाठी केलं. बाकीच्या बायकायले बी पायजे आहे." त्या थांबल्या. "झालं. अजून काय सांगा लागते?" साडू लिहीत होते. चार वाजता मोबाइलवरून त्या कागदाचा फोटो गेला. प्रज्ञाने लगेच फोन केला. म्हणाली, आई, मी यातला एकही शब्द बदलणार नाही.

ती वस्तू तिथं निवडली गेली. प्रज्ञाची दोन खोल्यांची कंपनी झाली, भुणभुण्याला तिकडचं एक लांबलचक नाव मिळालं जे आम्हा कोणाच्या जिभेवर बसत नाही, पण ज्यांना सुचलं त्यांची नावं म्हणून साडूंचं आणि ताईंचं नाव तिकडच्या कागदावर आहे. साडूंनी ते लांबलचक नाव उच्चारायचा सराव केला, मग सोडून दिला. त्यांना आता एकच हवं होतं, इथल्या बायकांच्या हातात तो रीतसर मिळावा. म्हणून गेल्या महिन्यात ते पुन्हा माझ्या खिडकीशी आले. या वेळी मी यादी आधीच पाहून ठेवली होती आणि मला इतका आनंद झाला होता की ते रांगेत असतानाच मी त्यांना हाक मारली. म्हटलं, "साडूभाऊ, बसलं. 'आयात केलेल्या अवजारांची जोडणी व विक्री.' एकदम बसलं."

त्यांनी जरा विचार केला. "म्हणजे माह्यंच यंत्र मले तिकडून मागवा लागीन?"

"हो. पण कागद पक्का होईल."

"पक्का होईल ना?"

"एकदम."

"मंग भरा," ते म्हणाले. मी विचारायच्या आधीच नाव, वडिलांचं नाव, पत्ता त्यांनी क्रमाने सांगितला. मग 'वस्तूचा मूळ देश' असा रकाना आला. ते काचेला नाक लावून पडद्याकडे पाहत होते. हळूच म्हणाले, "इथं आपल्या मळ्याचं नाव टाकता येईल का हो?" मी यादी उघडून दाखवली. तिथं देशच निवडावा लागतो, आणि आयातीची यादी असल्यामुळे त्यात आपला देश नाही. मी वरून खाली, खालून वर दोनदा गेलो. त्यांना दिसावं म्हणून नव्हे, मलाच वाटत होतं की असेल कुठेतरी. सव्वीस वर्षांत त्या खिडकीच्या आत बसल्याची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. साडूंनी काचेवर बोटाने टकटक केली. "राहू द्या. लोकं खोळंबले मागे. नेदरलँड टाका."

मी टाकलं. पुढचं पान लगेच उघडलं. साडू आणखी वाकले, डोळे बारीक करून त्यांनी ते वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. "भुणभुण्याचं पुढचं पान मी कधी पाह्यलंच नव्हतं," ते म्हणाले. "चांगलं आहे हो."